रीफ टँकमध्ये कोणते मासे एकत्र नांदतील? पहिल्यांदा मासे निवडणाऱ्यांसाठी

रीफ टँक, म्हणजे खडक आणि जिवंत कोरल (प्रवाळ) असलेला खाऱ्या पाण्याचा टँक, सुरू करणारी मंडळी स्किमर, लाइट, पंप यांचा महिनोन्‌महिने अभ्यास करतात. मासे मात्र दुकानात काचेसमोर उभं राहून दहा मिनिटांत ठरतात. बहुतेक घोळ तिथेच होतो.

गोड्या पाण्याच्या टँकची सवय असेल तर तुम्हाला हे जास्तच जड जाईल. गप्पी, टेट्रा हे मासे घोळक्यात रमतात. प्रवाळावर राहणाऱ्या माशाला स्वतःची एक कपार हवी असते, आणि ती मिळाली की तो ती जिवापाड राखतो. समुद्रात भांडणात हरलेला मासा पळून दुसरी कपार शोधतो. टँकमध्ये तो पळाला तरी तीन-चार फुटांवर काच आडवी येते आणि मारणारा पुन्हा मागे असतोच. शिवाय चुकीचा मासा एकदा आत गेला की त्याला बाहेर काढणं महाकठीण. खडक एकमेकांवर रचलेले असतात, त्यांवर कोरल चिकटवलेलं असतं आणि जाळी दिसली की मासा खडकाच्या पोटात जाऊन बसतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की यादी उलटी करा. टँकमध्ये सगळ्यात शेवटी जो मासा जाणार, तो कागदावर सगळ्यात आधी लिहा. तो सहसा सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात तापट असतो. टँक केवढा लागेल आणि त्याच्याबरोबर कोण टिकेल, हे त्याच्यावरूनच ठरतं. लोक नेमकं उलट करतात. आधी चार गरीब मासे आणतात, मग दोन महिन्यांनी एखाद्या रंगीत दांडगटाच्या प्रेमात पडतात आणि तो आधीच्या चौघांचं जगणं मुश्कील करतो.

१. आधी टँक मुरू द्या

लेख माशांचा आहे, त्यामुळे हे थोडक्यात. पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवल्याशिवाय एकही मासा आणायचा नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू खडकावर आणि वाळूत पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. क्षारता (पाण्यातलं मीठ, इथे विशिष्ट गुरुत्वात मोजलेलं) १.०२५ ते १.०२६, तापमान २४ ते २७ अंश सेल्सियसच्या दरम्यान कुठेही पण स्थिर. बाष्पीभवनाने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही.

टँक सायकल करायला, म्हणजे हे जिवाणू वाढवायला, डॅमसेल मासे सोडा, असा सल्ला अजूनही काही दुकानांत मिळतो. तो ऐकू नका. अमोनियात माशांचे हाल होतातच, शिवाय त्यातून तगून राहतो तो टँकमधला पहिला रहिवासी, म्हणजे आख्ख्या टँकचा मालक. सायकलसाठी बाटलीतला अमोनिया किंवा कोळंबीचा एखादा तुकडा पुरतो.

२. टँकची लांबी मोजा आणि माशाचं पूर्ण वाढलेलं माप बघा

किती लिटरचा टँक हे विचारतात सगळे, पण माशाला लिटर कळत नाहीत. त्याला पोहायला सरळ किती अंतर मिळतं ते महत्त्वाचं. उंच आणि आखूड टँक बघायला देखणा दिसतो, पण पोहणाऱ्या माशांसाठी तो कुचकामी.

दुकानातला मासा पिल्लू असतो, हे तर सतत डोक्यात ठेवायला हवं. निळा टँग, म्हणजे पॅराकँथुरस हेपॅटस, दुकानात बोटाएवढा दिसतो. पूर्ण वाढल्यावर तो ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याला दिवसभर इकडून तिकडे धावायला हवं असतं. सहा फुटांखाली त्याचा विचार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ‘लहान असेपर्यंत ठेवतो, मग मोठा टँक घेतो’ हा मोठा टँक सहसा येत नाही. पिवळा टँग २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला चार फूट हे किमान.

इतक्या लिटरला इतके सेंटिमीटर मासे, अशी सूत्रं तुम्हाला ठिकठिकाणी दिसतील. रीफ टँकला ती लागू पडत नाहीत. आठ सेंटिमीटरचा गोबी दिवसभर एका जागी बसून असतो आणि तेवढाच लहान टँग अख्खा टँक पालथा घालतो. दोघांचं माप एक, गरजा वेगळ्या. अंदाज हवाच असेल तर १०० लिटरच्या टँकमध्ये तीन-चार लहान मासे आणि २०० लिटरमध्ये पाच-सहा. खडक आणि वाळूमुळे प्रत्यक्ष पाणी लेबलवरच्या आकड्यापेक्षा बरंच कमी भरतं, तेही धरा.

३. प्रत्येक माशाला तीन प्रश्न विचारा

यादीतल्या प्रत्येक नावापुढे या तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. एकाचंही उत्तर मिळत नसेल तर तो मासा तूर्त यादीबाहेर.

*माझ्या टँकमधलं हा काय खाईल?*

‘रीफ सेफ’ या शब्दावर विसंबू नका. त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की हा मासा कोरल कुरतडत नाही. लायनफिश कोरलला तोंडही लावत नाही. पण त्याच्या तोंडात मावेल ती कोळंबी आणि मावेल तो मासा तो गिळतो, आणि ते तोंड दिसतं त्यापेक्षा खूप मोठं उघडतं. फ्लेम हॉकफिश खडकावर बसून टकामका बघत असतो, गोड दिसतो; लहान शोभेच्या कोळंब्या त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. ट्रिगरफिश आणि पफर यांच्यापुढे गोगलगायी, खेकडे, कोळंब्या काहीच टिकत नाही. कवच फोडण्यासाठीच त्यांचे दात असतात.

कोरल खाणाऱ्यांमध्ये बटरफ्लायफिश पहिल्या नंबरावर. त्यांतल्या कितीतरी जातींचा मूळ आहारच प्रवाळाचे पॉलिप आहे, तेव्हा टँकमध्ये सोडून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मोठे एंजेलफिशही कोरलला टोचे मारतात. बुटके एंजेल, म्हणजे कोरल ब्यूटी, फ्लेम एंजेल वगैरे, हा शुद्ध जुगार आहे. एक वर्षभर सरळ वागतो, तर दुसरा आल्या आठवड्यात मांसल कोरलला चावे घेऊ लागतो. महागडं कोरल असेल तर हा जुगार खेळू नका.

*हा राहणार कुठे?*

टँकचे चार मजले धरा: वाळू, खडकाच्या कपारी, खडकासमोरचं मोकळं पाणी आणि वरचा थर. प्रत्येक मजल्यावर वेगळा भाडेकरू ठेवला की अर्धी भांडणं होतच नाहीत. वाळूवर वॉचमन गोबी, कपारीत रॉयल ग्रामा, मध्ये कार्डिनलफिश, वरच्या बाजूला क्लाउनफिशची जोडी, असं काहीसं.

वाळूवरच्या मजल्याचं एक उदाहरण जरा जवळून सांगतो, कारण एकमेकांशी जुळणारे प्राणी म्हणजे काय ते त्यात नीट कळतं. पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्टल श्रिंप एकाच बिळात राहतात. बीळ खणणं, त्याची डागडुजी करणं हे सगळं कोळंबीचं काम. तिला नीट दिसत नाही. ती बुलडोझरसारखी वाळू ढकलत बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी सतत गोब्याच्या अंगाला टेकलेली असते. गोबी तोंडाशी पहारा देतो. काही धोका दिसला की तो शेपटी फडफडवतो, मिशीतून ते कोळंबीला कळतं आणि ती मागच्या मागे आत जाते. फारच झालं तर गोबीही डोकं खाली घालून तिच्या पाठोपाठ बिळात. ही जोडी हवी असेल तर वाळू जरा जाड, बारीक-भरड मिसळलेली हवी, आणि खडक वाळूवर नाही तर थेट काचेच्या तळावर टेकलेला हवा. नाहीतर खणता खणता खडक त्यांच्याच अंगावर यायचा.

*हा कोणाला वैरी समजतो?*

साधा नियम: आपल्यासारखा आकार, आपल्यासारखा रंग, आपल्यासारखं खाणं. तिन्हींपैकी दोन जुळले की भांडण ठरलेलं. पिवळ्या टँगला त्याच झेब्रासोमा वंशातला दुसरा टँग खपत नाही, पण वेगळ्या आकाराचा रास (wrasse) मासा शेजारून गेला तर तो ढुंकूनही बघत नाही. क्लाउनफिशच्या दोन वेगवेगळ्या जाती एका घरगुती टँकमध्ये ठेवू नयेत. दोन बुटके एंजेल लहान टँकमध्ये नकोत. फायरफिश गरीब म्हणून ओळखला जातो, तरी जोडी नसलेले दोन फायरफिश लहान टँकमध्ये ठेवले तर एक दुसऱ्याला कपारीतून हुसकावत राहतो.

४. पहिल्या यादीत कोण असावं

ओसेलारिस क्लाउनफिश. सगळ्यांना हवा असतो आणि या वेळी सगळ्यांचं बरोबर आहे. ८-९ सेंटिमीटरचा, काहीही खाणारा, टँकमध्येच जन्मलेला सहज मिळणारा. नीट ठेवला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. सगळे क्लाउनफिश नर म्हणून सुरुवात करतात, त्यांतला सगळ्यात मोठा आणि वरचढ मासा मादी होतो. त्यामुळे जोडी करायला दोन लहान पिल्लं घ्या, किंवा एक ठळकपणे मोठा आणि एक लहान. दोन मोठे मासे आणलेत तर दोघीही माद्या निघायची शक्यता असते आणि मग जिवावर बेततं. याला ॲनिमोन (समुद्रफूल, ज्यात हा निसर्गात राहतो) लागतोच असं अजिबात नाही. ॲनिमोनला मुरलेला टँक आणि भरपूर उजेड हवा असतो, तो जागा सोडून भटकतो आणि पंपात अडकला तर सगळं पाणी नासवतो. पहिल्या वर्षी ॲनिमोन नको. मरून क्लाउनही नको, तो या कुटुंबातला सगळ्यात तापट.

रॉयल ग्रामा. पुढून जांभळा, मागून पिवळा, कॅरिबियन समुद्रातला. आपली कपार राखतो, तोंड उघडून दाखवतो, सहसा त्यापुढे जात नाही. याच रंगाचा दुसरा मासा दुकानात शेजारच्याच टाकीत असतो, बायकलर डॉटिबॅक, आणि तो पक्का दादा. ओळखायचं कसं? ग्रामाचा जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी हळूहळू पिवळ्यात मिसळतो आणि त्याच्या पाठीवरच्या पराच्या पुढच्या टोकाला काळा ठिपका असतो. डॉटिबॅकचे दोन रंग पट्टीने रेघ मारल्यासारखे तुटतात आणि तो काळा ठिपका नसतो. नाव विचारू नका, डोळ्यांनी बघा.

बँगाई कार्डिनलफिश. काळे-रुपेरी पट्टे, संथ. नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो. हा मासा निसर्गात मुळात इंडोनेशियातल्या बँगाई बेटांच्या आसपासच सापडतो आणि बेसुमार पकडीमुळे धोक्यात आला आहे, म्हणून टँकमध्ये पैदास झालेलाच घ्या. एक किंवा जुळलेली जोडी. पाच-सहा आणले तर ते आपसांत लढून शेवटी दोनच उरतात.

वॉचमन गोबीबद्दल वर सांगितलंच. टेलस्पॉट ब्लेनी शेवाळ खरवडतो आणि खडकाच्या भोकातून डोकं काढून घरभर नजर ठेवतो. मोठ्या, मोकळ्या टँकमध्ये फेअरी रास किंवा फ्लॅशर रास सुंदर दिसतात आणि बहुतेक गरीब असतात, फक्त उडी मारतात. फायरफिशही उडी मारतो. जाळीचं झाकण नसेल तर हे तीनही यादीतून काढून टाका, किंवा आधी झाकण करा.

हिरव्या क्रोमिसचा थवा फोटोत फार छान दिसतो. घरगुती टँकमध्ये मात्र तो बहुतेकदा महिन्यागणिक एकेकाने कमी होत जातो. मी सुचवत नाही.

५. कितीही मोह झाला तरी सध्या नाही

मॅन्डरिन ड्रॅगनेट या यादीत सगळ्यात वर, कारण तो भांडत नाही, कोरल खात नाही, महाग असतो असंही नाही. मग अडचण काय? तो दिवसभर खडकावरचे कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव, एक एक टिपून खातो. नव्या टँकमधले कोपेपॉड तो काही आठवड्यांत संपवतो आणि मग हळूहळू उपाशी मरतो. भरपूर लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेले खडक) असलेला, निदान वर्षभर मुरलेला टँक असेल तेव्हाच बघा. आणि त्याच खडकावरून तेच जीव टिपणारा सिक्स-लाइन रास आत असेल तर तेव्हाही नको.

सिक्स-लाइन रास स्वतःही इथेच. लहान असतो, चपळ असतो, कीडही खातो. पण वयात आला की नव्या माशाला टिकू देत नाही. हवाच असेल तर तो सगळ्यात शेवटचा मासा.

क्लीनर रास माशांच्या अंगावरचे परजीवी खातो हे खरं, पण एका घरच्या टँकमध्ये त्याचं पोट भरेल इतके परजीवी नसतात, आणि असले तर तुमच्यापुढे वेगळंच संकट आहे. त्याऐवजी क्लीनर श्रिंप ठेवा. ती तेच काम करते आणि साधं अन्नही खाते. मूरिश आयडल, कॉपरबँड बटरफ्लाय हे खाण्याच्या बाबतीत हट्टी. समुद्रघोडे फारच सावकाश खातात, त्यांच्यासाठी वेगळा टँक लागतो. डोमिनो आणि तीन पट्ट्यांचा डॅमसेल लहानपणी बटणासारखे गोंडस आणि मोठेपणी गुंड. पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल त्या मानाने बराच सौम्य, तरी तोही उशिरा आणि एकटाच.

६. नमुन्यादाखल दोन याद्या

साधारण १०० लिटरचा टँक: वॉचमन गोबी, रॉयल ग्रामा, ओसेलारिसची जोडी. बस्स. कंटाळवाणं वाटेल, पण आठवड्याभरात पिस्टल श्रिंपचं बीळ कुठवर गेलं ते बघण्यात संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

चार फुटी, ३०० ते ४०० लिटरचा टँक: फायरफिश, वॉचमन गोबी, बँगाईची जोडी, टेलस्पॉट ब्लेनी, रॉयल ग्रामा, ओसेलारिसची जोडी, एक फेअरी रास आणि शेवटी एक पिवळा टँग. नावं लिहिली आहेत त्याच क्रमाने मासे सोडायचे.

७. सामान गोळा करा

मासा आणायच्या दिवशी धावपळ नको, म्हणून हे आधीच घरात हवं:

- क्वारंटाइनसाठी साधा ४० ते ८० लिटरचा काचेचा टँक, त्याला हीटर, हवेचा पंप आणि स्पंज फिल्टर. स्पंज महिनाभर आधी मुख्य टँकच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) टाकून ठेवा, म्हणजे त्यात जिवाणू बसतात.
- लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. क्वारंटाइनमध्ये खडक आणि वाळू घालू नका, औषध शोषून घेतात.
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांचे टेस्ट किट. औषध म्हणून तांबं वापरणार असाल तर तांब्याचं किटही.
- क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि तो तपासायचं ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावण.
- मुख्य टँकवर बारीक जाळीचं झाकण.
- भोकं असलेला पारदर्शक अ‍ॅक्लिमेशन बॉक्स, नवा मासा टँकमध्येच काही दिवस वेगळा ठेवायला.
- गोठवलेले मायसिस आणि ब्राइन श्रिंप (कोळंबीसारखे बारीक जीव). टँग असेल तर नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ.

८. दुकानात मासा कसा बघायचा

पाच मिनिटं लांबून बघा, काचेला बोट लावू नका. पाठ धारदार झालेली, पोट आत गेलेलं, डोळे धूसर, कल्ले भराभर हलताहेत, अंग खडकावर घासतोय. यांतलं एकही दिसलं तर परत फिरा. त्याच टाकीत दुसरा मासा आजारी असला तरीही, कारण पाणी एकच असतं. मग दुकानदाराला सांगा, याला खायला घालून दाखवा. जो मासा दुकानात खात नाही तो घरी खाईल, या आशेवर घेऊ नका. आणि तो आजच दुकानात आला असेल तर आठवडाभर थांबा. थोडी रक्कम आगाऊ देऊन ठेवायची तयारी दाखवली की बहुतेक दुकानदार मासा राखून ठेवतात.

शक्य तिथे टँकमध्ये जन्मलेला मासा घ्या. समुद्रातले काही मासे अजूनही सायनाइडने गुंगवून पकडले जातात; ते येतात तेव्हा ठणठणीत दिसतात आणि नंतर कारण न कळता मरतात. टँकमध्ये जन्मलेल्या माशाला पेंडीचे दाणे खायची सवय असते, तोही एक फायदा.

दुकानातल्या पाण्याची क्षारता विचारायला विसरू नका. परजीवी आटोक्यात ठेवायला काही दुकानं ती मुद्दाम कमी, १.०२० किंवा त्याखाली ठेवतात. जास्त क्षारतेतून कमीत मासा सहज जातो, कमीतून एकदम जास्तीत गेला की त्रास होतो.

९. क्वारंटाइन टाळू नका

मासा चार ते सहा आठवडे वेगळा ठेवायचा. इतके दिवस कशाला? मरीन इक या रोगाचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे ठिपके उठवतो. काही दिवसांनी ठिपके गळून पडतात आणि सगळ्यांना वाटतं, मासा बरा झाला. प्रत्यक्षात परजीवी तळाला जाऊन कोष करून बसलेला असतो आणि पुढच्या फेरीत शेकडोंनी परत येतो. मुख्य टँकमध्ये तो एकदा शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टँक सुमारे ७६ दिवस माशांविना ठेवणं, हाच खात्रीचा उपाय मानला जातो. सगळे मासे, त्या कोरलने भरलेल्या टँकमधून. त्यापुढे सहा आठवडे काहीच नाहीत. व्हेल्व्हेट नावाचा रोग याहून वाईट. अंगावर बारीक सोनेरी धूळ दिसते, मासा धापा टाकतो आणि दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो. त्यात वाट बघण्यात अर्थ नाही, त्याच दिवशी उपचार सुरू करायचे.

तांब्याचं औषध फक्त क्वारंटाइन टँकमध्ये, किटने मोजून. रीफ टँकमध्ये तांब्याचा थेंबही जाता कामा नये, कोळंबी, गोगलगायी आणि कोरल त्याने मरतात.

आणखी एक सापळा. लांबून आलेल्या पिशवीत माशाच्या विष्ठेमुळे अमोनिया साचलेला असतो, पण बंद पिशवीत पाणी आम्लधर्मी झाल्याने तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यामुळे अशा पिशवीतला मासा उघड्या बादलीत दोन तास थेंब-थेंब पाणी सोडत ठेवणं उलट घातक ठरतं. क्वारंटाइनची क्षारता आधीच पिशवीतल्या पाण्याइतकी करून ठेवा, बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, उघडा आणि मासा लगेच सोडा. क्षारता पुढच्या काही दिवसांत हळूहळू वर न्या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, कधीच.

१०. सोडण्याचा क्रम

भित्रे आधी, दांडगट शेवटी. भित्र्याला जागा पाठ होते, लपायची कपार ठरते, मग त्याच्यावर कोणी धावून गेलं तरी कुठे जायचं ते त्याला माहीत असतं. दोन वेळांमध्ये निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. वाढलेला कचरा पचवायला जिवाणूंनाही तेवढा वेळ लागतो. नवा मासा सोडताना लाइट बंद करा आणि त्याच वेळी टँकच्या दुसऱ्या टोकाला खायला टाका.

तापट मासा असेल तर त्याला आधी दोन-चार दिवस अ‍ॅक्लिमेशन बॉक्समध्ये ठेवा. जुने मासे काचेबाहेरून धडका देतात, फुरफुरतात, मग कंटाळतात. तिसऱ्या दिवशी कोणी फिरकत नाही असं दिसलं की झाकण उघडायचं. अजूनही एखादा बॉक्सला चिकटून बसला असेल तर उघडू नका.

११. भांडण लागलं तर

पहिले एक-दोन दिवस पाठलाग होणारच, घाबरू नका. पर फाटलेत, नवा मासा वरच्या कोपऱ्यात किंवा पंपाच्या मागे टांगल्यासारखा उभा आहे, खायला पुढे येत नाही, असं दिसलं की मात्र हात घालावा लागतो. आधी सोपे उपाय: बाहेरच्या काचेला आरसा टेकवा, म्हणजे टँगचा राग स्वतःच्या प्रतिबिंबावर निघतो. दोन-चार मोकळे खडक हलवा, जुन्या हद्दी मोडतात. खाणं दिवसातून एकदा भरपूर देण्याऐवजी तीनदा थोडं थोडं द्या.

त्याने भागलं नाही तर मासा काढायचा, आणि काढायचा तो मारणारा. मार खाणारा पकडायला सोपा असतो म्हणून लोक त्यालाच काढतात, मग दादा दुसरा गिऱ्हाईक शोधतो. जाळी घेऊन मागे लागू नका. पारदर्शक सापळा टँकमध्ये ठेवा, दार उघडं ठेवून तीन-चार दिवस खाणं फक्त त्यातच घाला. दांडगट मासा सहसा हावरटही असतो, तोच पहिला आत जातो. पकडल्यावर त्याला एक-दोन आठवडे क्वारंटाइन टँकमध्ये ठेवा. तेवढ्यात बाकीचे त्याची जागा वाटून घेतात आणि परत येतो तेव्हा तोच नवखा असतो. परत आणतानाही बॉक्समधूनच आणा. त्यानंतरही त्याने तेच सुरू केलं, तर त्याला मोठा टँक असलेल्या कोणाकडे तरी देऊन टाका, आणि यादीतली त्याची जागा काही महिने रिकामीच ठेवा.